मागच्या सीटवरून ऐका

प्रश्न: माझ्याकडे दोन लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची स्पोर्ट्स सेडान आहे, ऑटोमॅटिक. पळते झकास, पण आवाज म्हणाल तर शिवणयंत्र. तीन महिने एक्झॉस्ट शोधतोय आणि जितकं शोधावं तितका गोंधळ वाढतोय. एक पर्याय आहे तीन इंची स्टेनलेसचा स्ट्रेट-थ्रू कॅट-बॅक सेट, म्हणजे कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचं सगळं नवं. विक्रेत्याने त्याचा व्हिडिओ पाठवलाय, आवाज जबरदस्त आहे. दुसरा, झडपवाला ॲक्सल-बॅक. तो महाग आहे आणि त्यात बदलतं मात्र फक्त मागचं टोक. मित्राचं म्हणणं, दोन्ही सोड, कॅट काढून मोकळा डाउनपाइप (टर्बोला लागून निघणारा पाइप) टाक, गाडी सुटेल. वॉरंटीचं एक वर्ष बाकी आहे. रोजचा प्रवास हायवेचा, बहुतेक वेळ एकाच वेगात. आठवड्यातून दोन-तीनदा आई मागे बसते, तिला आवाज सोसत नाही. काय घेऊ?
— शिवणयंत्राचा मालक

उत्तर: सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातलं खरं महत्त्वाचं शेवटच्या दोन ओळींत आहे. एका वेगात चालणारी गाडी आणि मागे बसलेली आई. व्यास, स्टील, अश्वशक्ती यांच्याकडे नंतर वळू.

एक्झॉस्ट पसंत करायची सर्वमान्य पद्धत अशी: गाडी उभी, आपण बंपरच्या मागे उभे, दुसरा कोणीतरी ॲक्सिलरेटर दाबतो आणि आपण ‘वा!’ म्हणतो. पण बंपरच्या मागे उभं राहून कोणी प्रवास करत नाही. तुमचे रोजचे तास जातात ते गाडीच्या आत, काचा बंद, वरचा गिअर, पाय जेमतेम टेकलेला. तिथे हा पाइप काय बोलतो, एवढाच प्रश्न आहे. व्हिडिओ त्याचं उत्तर देऊ शकत नाही. फोनचा माइक मोठा आवाज आपोआप दाबतो, लहान आवाज वर उचलतो, आणि खालचे खर्जातले सूर तर त्याला धड ऐकूच येत नाहीत. तुम्हाला छळणार आहेत ते नेमके तेच सूर.

थोडा हिशोब करू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट होतात. तुमच्या नेहमीच्या वेगाला वरच्या गिअरमध्ये इंजिन समजा २,४०० आरपीएमवर असेल, तर सेकंदाला ४० फेऱ्या आणि ८० स्फोट. म्हणजे एक्झॉस्टमधून येणारा मुख्य सूर ८० हर्ट्झचा. आता गाडीचं केबिन घ्या. आतून दोन-सव्वादोन मीटर लांबीचं बंद खोकं. अशा खोक्याचा स्वतःचा सर्वांत खालचा सूर ७५ ते ८५ हर्ट्झच्या आसपास पडतो. पाइप आणि केबिन एकाच सुरात लागले की तंबोऱ्याची एक तार छेडल्यावर दुसरी आपोआप वाजावी तसं केबिन वाजू लागतं. याला सगळे ड्रोन म्हणतात. तो कानाला फार मोठा वाटत नाही, कानाच्या पडद्यावर कोणी अंगठा टेकवून बसावं तसा दाब वाटतो. अर्ध्या तासाने डोकं जड होतं आणि कारण लक्षात येत नाही.

आणखी एक गोष्ट. अशा घुमण्यात हवेचा दाब खोक्याच्या दोन टोकांना सर्वांत जास्त असतो आणि मधोमध सर्वांत कमी. चालकाचं डोकं साधारण मधल्या भागात येतं. मागे बसणाऱ्याचं डोकं मागच्या काचेला जवळजवळ टेकलेलं. तुम्ही पुढे बसून ‘काही विशेष नाही’ म्हणत असाल तेव्हा आई मागे गप्प झालेली असेल. शिवाय मफलर, म्हणजे सायलेन्सरचा डबा, असतो डिकीखाली, म्हणजे तिच्याच पाठीमागे.

मी स्वतः यात पोळलोय. आधीच्या गाडीला एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून मधला रेझोनेटर, म्हणजे नको ते सूर मारणारा डबा, काढून सरळ पाइप वेल्ड करून घेतला. दोन दिवस स्वर्ग होता. तिसऱ्या दिवशी लांबच्या प्रवासाला निघालो आणि नेमक्या चालवायच्या वेगात गाडी घूं करून जी बसली ती उठेना. वेग थोडा वाढवला की थांबायचं, कमी केला की थांबायचं, म्हणून मी दिवसभर नको त्या वेगात गाडी चालवली. मागच्यांनी कापसाचे बोळे मागितले. परत आल्यावर रेझोनेटर लावायला गेलो तर जुना तुकडा भंगारात गेलेला. नवा घेऊन बसवायला काढण्याच्या दुप्पट खर्च आला.

तर तुमच्या पहिल्या पर्यायाकडे. स्ट्रेट-थ्रू मफलर म्हणजे भोकं पाडलेली सरळ नळी, तिच्याभोवती काचलोकर किंवा तत्सम भरण, आणि बाहेरून डबा. वायूला अडथळा जवळजवळ नाही. भरण आवाज शोषतं, पण वरचे सूर. कर्कशपणा जातो, खर्ज तसाच निसटतो. कंपनीच्या मफलरमध्ये कप्पे असतात, पडदे असतात, आवाजाची लाट आत आपटून परत येते आणि पुढच्या लाटेला खाते. तिथे खर्ज मारला जातो, पण वायूला वळसे पडतात. टर्बोची टर्बाइन, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणारं चाक, स्फोटांचे धक्के आधीच बरेच गिळते, म्हणून टर्बो गाडीला स्ट्रेट-थ्रू एरवीच्या गाडीपेक्षा जास्त मानवतो. ही त्याची जमेची बाजू, आणि ती मी मान्य करतो. पण ८० हर्ट्झ टर्बाइन गिळून संपवत नाही.

चांगले बनवणारे यावर एक युक्ती करतात. मुख्य पाइपाला फांदीसारखी एक बंद तोंडाची नळी जोडतात. लाट त्या फांदीत जाते, टोकाला आपटून परत येते, आणि येईपर्यंत नेमकी उलटी पडलेली असते, म्हणून मूळ लाटेला पुसते. लांबी हवी लाटेच्या पाव भागाइतकी. तापलेल्या वायूत आवाज थंड हवेतल्यापेक्षा बराच वेगाने धावतो, सुमारे ३०० अंश सेल्सियसला सेकंदाला ४८० मीटर. त्यावरून ८० हर्ट्झसाठी दीड मीटर. फांदीतला वायू थोडा थंड असतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहून काहीशी कमी. एवढी नळी गाडीखाली दुमडून बसवायला जागा लागते. म्हणूनच स्वस्त सेटमध्ये ती दिसत नाही, आणि दिसली तरी ती एकाच सुराला मारते. तुमचा सूर कोणता हे बनवणाऱ्याला माहीत असेल तरच उपयोग. दुसरा प्रकार हेल्महोल्ट्झ रेझोनेटरचा. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती जशी एकच सूर धरते, तसा तोंड अरुंद आणि पोट मोठं असलेला डबा एकच सूर खातो. तुमच्या तीन इंची सेटमध्ये यातलं काही आहे का, हे विक्रेत्याला विचारा. ‘रेझोनेटर आहे’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या इंजिनासाठी, कोणत्या आरपीएमसाठी जुळवलाय ते विचारा. उत्तर अडखळलं तर समजा मधे नुसता डबा आहे.

माहितीपत्रकातल्या डेसिबलनेही फसू नका. आवाजाचं मोजमाप बहुतेक वेळा ‘ए’ भारांकनाने होतं. माणसाचा कान खालच्या सुरांना मंद असतो, म्हणून हे मोजमाप ते सूर आकड्यातून कापून टाकतं. ८० हर्ट्झला ही कापाकापी सुमारे २२ डेसिबलची आहे. म्हणजे केबिन ढोलासारखं घुमत असलं तरी कागदावर आकडा सज्जन दिसतो. विक्रेता खोटं बोलत नसतो, फुटपट्टीच आंधळी असते.

आता मित्राचा सल्ला. यातलं एक वाक्य बरोबर आहे, आधी त्याचं श्रेय देतो. टर्बो गाडीत अडथळा टर्बाइनच्या जितका जवळ, तितका त्याचा जाच जास्त. त्यामुळे मागचा मफलर बदलून जेवढी ताकद मिळेल त्यापेक्षा डाउनपाइपमधून जास्त मिळते, विशेषतः सोबत ट्यून केलं, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरची जुळवणी बदलली, तर. आणि मागचा सेट बदलून नुसतीच ताकद हवी असेल तर फार आशा धरू नका. टर्बोचा दाब कंप्युटर ठरवतो, आणि तो आपल्या ठरलेल्या टॉर्कला चिकटून असतो. पाइप मोकळा केला तर टर्बो जरा लवकर जागा होतो, थोडं हलकं वाटतं, बस. ‘बॅक प्रेशर हवंच’ असंही तुम्हाला कोणीतरी सांगेल. टर्बाइनच्या पुढे दाब तुंबलेला कोणत्याच टर्बो इंजिनाला नको असतो. टर्बो नसलेल्या, नैसर्गिक श्वासाच्या इंजिनात पाइप फार रुंद केल्यावर खालची ताकद जाते ती वायूचा वेग मंदावल्यामुळे, दाब कमी झाल्यामुळे नव्हे.

पण कॅट काढायचा नाही. इथे मी दोन बाजू मांडत बसणार नाही. त्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिन्हींचा ती निकाल लावते, आणि पुरेशी तापल्यावर त्यांतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग मारते. ती काढली की पुढे-मागे लावलेल्या ऑक्सिजन सेन्सरांना कळतं, इंजिनचा दिवा लागतो, कोड येतो पी-०४२०, म्हणजे कॅट नीट काम करत नाही. मग दिवा विझवायला सॉफ्टवेअरमध्ये खाडाखोड. त्या खाडाखोडीनंतर वॉरंटीच्या काउंटरवर उभं राहून काय सांगायचं हे मित्राला विचारून ठेवा. रस्त्यावरच्या गाडीचा कॅट काढणं जवळपास सगळीकडे बेकायदाही आहे. आणि पुन्हा आई. सेडानच्या मागे हवेचा एक भोवरा तयार होतो, टिपमधून, म्हणजे पाइपाच्या टोकातून, निघालेला वायू त्यात रेंगाळतो, आणि डिकीचं एखादं रबर जुनं झालेलं असलं की त्यातला थोडा आत शिरतो. कॅट नसलेल्या गाडीचा उग्र वास ज्याने मागच्या सीटवर घेतलाय तो विसरत नाही.

वॉरंटी संपल्यावर डाउनपाइपचा किडा पुन्हा वळवळलाच, तर हाय-फ्लो कॅटचा विचार करा. मूळ कॅटमध्ये चौरस इंचाला ४०० ते ६०० छिद्रं असतात, यात साधारण २०० ते ३००. वायू सुटतो, काही प्रमाणात शुद्धीही होते. तरी तो तुमच्या गाडीसाठी मान्यताप्राप्त आहे का ते कागदावर पाहूनच. आणि गाडीत पेट्रोल पार्टिकल फिल्टर (काजळीचे कण अडवणारी गाळणी) असेल तर त्यालाही हात लावायचा नाही, न्याय तोच.

राहिला तीन इंच. अडीच इंची पाइपापेक्षा तीन इंचीचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी जास्त असतं. ऐकायला छान. पण तुमच्या मूळ अवस्थेतल्या इंजिनाला अडीच इंच भरपूर होतात. अडीचशे-तीनशे अश्वशक्तीपर्यंत ते कमी पडल्याचं मला जाणवलेलं नाही. पाइप जाड झाला की सूर आणखी खाली उतरतो, भिंत मोठी म्हणून तीही वाजते, आणि गाडीची जमिनीपासूनची उंची अर्ध्या इंचाने खाल्ली जाते. बाकी काही नाही तरी गतिरोधकावर तुम्ही मला आठवाल. व्यासापेक्षा वळणं बघा. मँड्रेल बेंड असेल, म्हणजे आत आधार घालून वाकवलेला असेल, तर वळणावरही पाइप गोल राहतो. नुसता दाबून वाकवलेला पाइप कोपऱ्यावर चेपतो, आणि मग तुमचे तीन इंच कोपऱ्यापुरते अडीचच उरतात.

स्टीलबद्दल थोडक्यात. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, गंजाला ते चांगलं टिकतं. ४०९ मध्ये क्रोमियम सुमारे ११ टक्के, निकेल जवळजवळ नाही. ते वरून तांबूस होतं पण वर्षानुवर्षं फुटत नाही, म्हणून कंपन्या तेच वापरतात. सोबत लोहचुंबक न्या. ४०९ ला चटकन चिकटेल, ३०४ ला नाही, फार तर वळणांवर जरासा ओढ घेईल. ३०४ चं नाव सांगून ४०९ विकलं जातंय का ते पाच सेकंदांत कळतं. एक तोटा लक्षात ठेवा. ३०४ तापल्यावर जास्त वाढतं. दोन मीटरचा पाइप ४०० अंशांनी तापला तर १३-१४ मिलिमीटर लांबतो. त्यामुळे लवचिक जोड आणि रबरी हँगर यांना जागा हवी. टायटॅनियम स्टीलच्या निम्म्याहून थोडं जास्त वजनाचं, तापल्यावर सुंदर निळं-जांभळं होतं, आणि पातळ पत्र्यामुळे आवाजात एक धातूची झाक आणतं. मला ती आवडते, तुमच्या आईला आवडेल असं वाटत नाही.

मग काय घ्यायचं? झडपवाला ॲक्सल-बॅक. मधला रेझोनेटर आणि पुढचं सगळं जसंच्या तसं. तुम्ही लिहिलंत की त्यात ‘फक्त मागचं टोक’ बदलतं, जणू तो त्याचा दोष आहे. तुमच्या गरजेला तोच गुण आहे. खर्ज मारणारे कंपनीचे भाग जागेवर राहतात, आणि शेवटच्या डब्यात झडप मिटली की वायू कप्प्यांतून जातो, उघडली की सरळ. हायवेला आई मागे असताना मिटलेली, रविवारी पहाटे एकटे असाल तेव्हा उघडी. पैसे जास्त जातील, पण तुम्ही दोन एक्झॉस्ट विकत घेताय असं समजा.

घेण्याआधी झडप हाताने हलवून बघा. धुरा ढिला असला की काही महिन्यांत चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाला पत्र्याच्या डब्यात खडा पडावा तसा खणखणाट सुरू होतो. झडप विजेच्या मोटारीवर आहे की इंजिनाच्या निर्वातावर, तेही विचारा. निर्वातावरच्या बऱ्याच व्यवस्थांत नळी सुटली की झडप उघडीच राहते. आणि मान्यतेचा शिक्का बघा. बदली सायलेन्सरसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ५९ आहे. ज्या देशांत तो लागू आहे तिथे डब्यावर वर्तुळात ‘ई’ आणि देशाचा क्रमांक कोरलेला असतो, स्टिकर नव्हे. तुमची गाडी जिथे नोंदलेली आहे तिथला नियम काय म्हणतो ते पैसे देण्याआधी वाचा, आणि तपासणी झडप उघडी ठेवूनही होऊ शकते असं धरून चला.

एक आडवळण, पण उपयोगाचं. हल्लीच्या बऱ्याच स्पोर्ट्स सेडान इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाजवतात, आणि काहींत नको तो खर्ज स्पीकरमधूनच उलटी लाट सोडून पुसतात. ही पुसण्याची जुळवणी मूळ एक्झॉस्टला धरून केलेली असते. तुमच्या गाडीत ती असेल तर नव्या आवाजावर ती कधीकधी गडबडते आणि स्वतःच घुमायला लागते. अशा वेळी लोक पाइपाला शिव्या देतात. गाडीची माहितीपुस्तिका वाचून आधी खात्री करा. कोण जाणे, तुमच्या शिवणयंत्राचा अर्धा आवाजही स्पीकरचाच असेल.

पाय काढल्यावर होणाऱ्या फटफटाटासाठी ट्यून करून देऊ असं कोणी म्हणालं तर हात जोडा. तो आवाज न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये पेटवून काढतात आणि त्याची झळ कॅटला बसते. शिवाय, माझं वय झालंय म्हणा हवं तर, पण मला तो आवाज गाडीला ठसका लागल्यासारखा वाटतो.

बसवताना गॅस्केट नव्या, जुन्या पुन्हा वापरायच्या नाहीत. ऑक्सिजन सेन्सरच्या आसपास साधा सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो. टिप आणि बंपर यांच्यात बोटभर फट गाडी गरम असतानाही राहायला हवी, नाहीतर प्लास्टिक वितळतं. पहिल्या दिवशी थोडा धूर आणि वास येईल, तो तेलाचा आणि भरणाचा, घाबरू नका. शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या. भरण हळूहळू जळतं, त्यामुळे आज जो आवाज ‘अगदी बेताचा’ वाटतोय तो दोन-तीन वर्षांनी एक पायरी वर गेलेला असेल. म्हणून दुकानात मनाला भावतो त्यापेक्षा जरा मवाळच घ्या.

ऑर्डर देण्याआधी एवढं करा. तुमच्याच मॉडेलची, तुमच्याच इंजिनाची, तोच ॲक्सल-बॅक लावलेली गाडी शोधा. मालकाला चालवू द्या. आईला घेऊन जा, आणि पुढे नका बसू, दोघंही मागे बसा. काचा बंद, संगीत बंद, तुमच्या रोजच्या वेगाला, वरच्या गिअरमध्ये, सलग वीस मिनिटं. झडप मिटून दहा, उघडून दहा. आईशी नेहमीसारख्या गप्पा मारत राहा. तिने एखादं वाक्य ‘काय म्हणालास?’ म्हणून दुसऱ्यांदा विचारलं, तर झडप त्या वेळी कोणत्या स्थितीत होती ते लिहून घ्या.

आणि जुना सेट भंगारात देऊ नका. वॉरंटीसाठी लागेल, गाडी विकताना लागेल.